दादांच्या सासूबाईंचे लॉगिन

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायमधील एका वृद्ध महिलेला दुपारी आपल्या मुलीचा आवाज ऐकू येणे बंद झाले. मुलगी झाशीत सुखरूप होती, वृद्धेचे कान शाबूत होते आणि मधली इंटरनेटची जोडणी चालू होती. आवाज बंद झाला तो सुधारणेमुळे.

ही वृद्ध महिला म्हणजे माझ्या वहिनींची आई. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. उजेड कळतो, दारात कोणी उभे राहिले तर कळते, अक्षर कळत नाही. त्या गुरसरायला मुलगा आणि सुनेजवळ राहतात. मुलगा गरौठ्याला तहसिलीत कामाला जातो, सून गुरसरायमधल्याच एका शाळेत शिकवते. सून बुंदेली घरातली. तिला मराठी समजते, बोलता येत नाही. नातवंडांना आजीचे सगळे कळते आणि उत्तर हिंदीत येते. पेशव्यांच्या काळात चाकरीसाठी आलेल्या या घरात आता दुपारच्या वेळी मराठी बोलणारे एकच माणूस असते, आणि ते कोणाशी बोलणार हा प्रश्न शिल्लक राहतो.

वहिनी झाशीत बँकेत नोकरी करतात. दुपारी त्या काउंटरवर असतात, फोन उचलता येत नाही. संध्याकाळी गुरसरायच्या घरात टीव्ही, मुलांचा अभ्यास आणि पाहुणे, त्यामुळे आईला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून वहिनींनी वेगळा मार्ग काढला होता. सकाळी कुकर लावला की त्या फोन समोर ठेवून बसत आणि आईसाठी मोठ्याने वाचत. जुन्या दिवाळी अंकांतल्या कथा, एखादी कादंबरी तुकड्यातुकड्याने, शेवटी घरची एकदोन वाक्ये. कुकरच्या शिट्ट्याही रेकॉर्ड होत. शिट्ट्या मोजून आई संध्याकाळी विचारत, आज राजमा होता का. ते वाचन घरच्या सर्व्हरवर जाई आणि दुपारी जेवण झाल्यावर गुरसरायला टॅबलेटवर ऐकले जाई. दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारी मराठी एवढीच होती.

घरच्या सर्व्हरबद्दल थोडे सांगणे भाग आहे. तो माझ्या थोरल्या भावाचा. दादा सार्वजनिक क्षेत्रातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झाले. तिथे ते नियम करणाऱ्या विभागात नव्हते. इतरांनी केलेले नियम पाळले जातात की नाही, हे पाहणाऱ्या विभागात होते. निवृत्तीनंतर पाहण्यासारखे काही राहिले नाही, तेव्हा त्यांनी एक जुना छोटा संगणक विकत घेतला आणि जिन्याखाली इन्व्हर्टरच्या शेजारी फळीवर ठेवला. आपला डेटा आपल्या घरात, हे त्यांचे धोरण. कोणा परदेशी कंपनीच्या हाती आपले फोटो का द्यायचे, असे ते आल्यागेल्याला विचारत. आलेगेले बहुधा दूधवाले भैया किंवा मी असे. 

त्या संगणकावर आठ सेवा चालत. फोटो, कागदपत्रे, पाककृती, घराचे कॅलेंडर, दारावरचा कॅमेरा, इन्व्हर्टरची बॅटरी किती उरली ते दाखवणारे एक पान, वहिनींचे वाचन, आणि बाकीच्या सात सेवा चालू आहेत की नाही हे सांगणारी आठवी. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. ते सगळे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे टाचलेले होते. ही व्यवस्था कित्येक वर्षे कुरकुर न करता चालली. दादांना ती असह्य होण्याचे दुसरे कारण मला सापडलेले नाही.

निमित्त लॉगचे झाले. सर्व्हरवर कोण आले, कधी आले, काय मागितले याची नोंद आपोआप होत असते. दादा ती सकाळी चहाबरोबर वाचत. एका सकाळी त्यांना आढळले, की दूरदूरच्या देशांतून अनोळखी संगणक आपल्या दारावर येऊन admin या नावाने आत शिरू पाहत आहेत. इंटरनेटवरच्या प्रत्येक दारावर हे यंत्रवत चालू असते, असे माहीतगार सांगतात. दादांनी ते वैयक्तिक घेतले. आपल्या पाककृतींवर परदेशातून डोळा असल्याचे त्यांनी वहिनींना गंभीरपणे सांगितले. वहिनी पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, नेऊ दे, कटाच्या आमटीत मीठ दुप्पट लिहिलंय.

दादांनी रिव्हर्स प्रॉक्सी बसवायचे ठरवले. ती काय असते हे त्यांनी मला कारखान्याच्या भाषेत समजावले, आणि ते समजावणे बरे होते. आठ सेवा म्हणजे आठ शेड. आजवर प्रत्येक शेडचे दार थेट रस्त्यावर उघडत होते. आता भोवती भिंत आणि एकच मेन गेट. बाहेरच्याला फक्त गेट दिसते. कोणत्या शेडमध्ये जायचे ते तो गेटवर सांगतो आणि गेट त्याला नेऊन सोडते. गेटवर एकदा ओळख पटली की दिवसभर आत कुठेही फिरा, पुन्हा कोणी विचारणार नाही. या दुसऱ्या भागाला सिंगल साइन-ऑन म्हणतात. आठ पासवर्डच्या जागी एक. दिनदर्शिकेमागचा कागद फाडायचा.

पहिले दोन दिवस कोणालाच आत जाता आले नाही, दादांनाही नाही. गेट प्रत्येकाला ओळखपत्राच्या खिडकीकडे पाठवत होते, आणि ती खिडकी दादांनी गेटच्या आत बसवली होती. खिडकीकडे जायला ओळखपत्र लागत होते. ब्राउझर दोघांमध्ये फिरून फिरून दमायचा आणि पान उघडता येत नाही म्हणून सांगायचा. दादांनी आधी इंटरनेट कंपनीला फोन केला. मग वीजखात्याच्या व्होल्टेजवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी खिडकी गेटबाहेर आली. या घटनेचा उल्लेख त्यांनी नंतर कधी केला नाही. मी इथे केला आहे.

यानंतर नियमावली आली. आमचे घर म्हणजे झाशीत दादा, वहिनी आणि मी, हैदराबादला पुतणी, गुरसरायला सासूबाई. या पाच जणांसाठी चार श्रेणी होत्या. दादा प्रशासक. वहिनी सर्वसाधारण वापरकर्ता, म्हणजे स्वतःच्या पाककृती बदलू शकत, कॅमेरा पाहू शकत नसत. मी वाचक. सासूबाई अतिथी. तासभर काही हालचाल झाली नाही तर लॉगिन रद्द. नाव म्हणजे पूर्ण नाव, हजेरीपटावर असते तसे: स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे, मग आडनाव. टोपणनावे चालणार नाहीत. दादांनी हे सगळे रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवले. पुतणी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "पापा, इतना तो मेरे ऑफिस में भी नहीं है." दादांनी ही प्रशंसा समजून स्वीकारली.

सासूबाईंचा त्यांनी खास विचार केला होता, हे नोंदवले पाहिजे. दिसत नाही म्हणजे टाइप करता येणार नाही. म्हणून पासवर्डऐवजी अंगठा, आणि नाव लिहिण्याऐवजी बोलायचे. टॅबलेटच्या की-बोर्डवर माइकचे चिन्ह असते; ते दाबून बोलले की बोललेले शब्द चौकटीत उमटतात. की-बोर्ड मराठी, उमटणारी अक्षरे देवनागरी. म्हणून दादांनी सासूबाईंचे लॉगिनही देवनागरीत करून घेतले, आणि ते सोपे नव्हते. पडद्यावरचे संदेश दिसणार नाहीत, तर ते पुरुषी आवाजात वाचून दाखवण्याची सोय केली. माइकची जागा बोटाला कळावी म्हणून काचेवर एक टिकली चिकटवली. टिकली वहिनींची, पाकिटातली.

दसऱ्याच्या आधी ते स्वतः टहरौलीमार्गे बसने गुरसरायला गेले. जावई आले म्हणून साटोऱ्या झाल्या. जेवणानंतर त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. टिकलीवर बोट ठेवून सासूबाईंचे पूर्ण नाव स्वतः खणखणीत आवाजात उच्चारले, मग त्यांचा अंगठा धरून टेकवला, आणि टॅबलेटमधून वहिनी वाचू लागल्या. आई, इतकं सोपं, असे दादा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, जावईबुवांनी केलंय म्हणजे नीटच असणार. दादांनी कामाची पूर्तता झाल्याचे समजून शेवटची बस पकडली. सोमवारपासून नवी व्यवस्था लागू झाली.

सोमवारी दुपारी गुरसरायहून लॉगिनचे पान उघडले गेले. नाव आले नाही. मंगळवारी तसेच. चुकीचे नाव नाही, अर्धे नाव नाही, काहीच नाही. पान उघडे राहायचे आणि काही वेळाने बंद व्हायचे. दादांच्या मते हा माइकचा दोष होता. त्यांनी फोन करून टॅबलेटचे कव्हर काढायला लावले. मग तो भाषेच्या सेटिंगचा दोष ठरला. मग बुंदेलखंडातल्या मोबाइल टॉवरचा. प्रत्येक फोनवर ते विचारत, आई, बोललात का? सासूबाई म्हणत, हो हो, बघते. दादा लॉग उघडत, लॉग रिकामा असे. ते पुन्हा म्हणत, जरा मोठ्याने बोला. सासूबाई म्हणत, बरं.

सकाळी शाळेत जाण्याआधी सून लॉगिन करून देई. तासाभराने ते रद्द होई. सासूबाई सकाळी पूजेत असतात आणि ऐकण्याची वेळ दुपारची. लॉगिन दिवसभर का राहू नये, असे वहिनींनी विचारले तेव्हा दादांनी उघड्या टॅबलेटपासून होणाऱ्या धोक्यांची माहिती दिली. गुरसरायच्या माजघरात तो धोका कोणापासून, हे त्यांना सांगता आले नाही. पण धोका कोणापासून ते आधी कळत नसते, हाच धोका असतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

वहिनी रोज सकाळी वाचत राहिल्या. न ऐकलेल्या वाचनांचा आकडा आठव्या सेवेच्या पानावर वाढत राहिला. रात्रीच्या फोनवर आईला काय ऐकलेस असे त्या विचारत नसत. आईही विषय काढत नसत. एवढेच म्हणाल्या, की हल्ली दुपारी झोप बरी लागते. यापूर्वी त्या दुपारी झोपत नसत.

शेवटी फोन सुनेचा आला. शाळेला अर्धी सुट्टी होती, ती लवकर घरी आली होती आणि तिने जे पाहिले ते सांगितले. "जिज्जी, अम्मा टिकली पै उंगरिया धरें बैठी रहत, बोलत कछू नइयां."

टिकलीवर बोट आहे, पण तोंडातून शब्द नाही, हे ऐकून वहिनींनी फोन ठेवला आणि दादांना विचारले, की आईने नेमके काय बोलायचे आहे. तोपर्यंत हे कोणी विचारले नव्हते. दादांनी सासूबाईंचे पूर्ण नाव म्हणून दाखवले, तिन्ही शब्द. मधल्या शब्दावर वहिनींचा हात थांबला. त्या भाजी निवडत होत्या.

"तुम्ही आईला बाबांचं नाव घ्यायला लावलंत?"

"नाव घ्यायला कुठे?" दादा म्हणाले. "लॉगिन करायला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडच्या जुन्या घरांत त्या पिढीच्या बायका नवऱ्याचे नाव उच्चारत नाहीत. वहिनींच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षे झाली. ते होते तेव्हा आई त्यांना स्वारी म्हणत. स्वारी जेवली का, स्वारी आली का. ते गेल्यावरही स्वारीच. शिरगणतीवाला आला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले आणि नाव शेजारणीने सांगितले. बँकेत, दवाखान्यात त्या कार्ड पुढे करतात. याबद्दल त्यांनी कधी कोणाला उपदेश केलेला नाही आणि कारणही दिलेले नाही. वहिनींच्या स्वतःच्या लॉगिनमध्येही दादांचे नाव आहे आणि त्या ते रोज टाकतात. बोटाने टाइप करणे म्हणजे तोंडाने नाव घेणे नव्हे, असा त्यांचा खुलासा आहे. समोर त्या दादांना अहो म्हणतात.

आता अडचण कळली होती. दादांना ती लगेच सुटण्यासारखी वाटली. "उखाण्यात घेतात की," ते म्हणाले. "उखाण्यात चालतं ना?"

वहिनींनी भाजीकडे पाहत उत्तर दिले. "उखाणा सवाष्णीला विचारतात."

 मग दादा इन्व्हर्टरचे पाणी बघायला गेले. ते त्यांनी सकाळीच बघितले होते.

साधा उपाय हा, की लॉगिनचे नाव बदलून नुसते पहिले नाव ठेवावे. मी तो सुचवला. दादांनी मला थांबवले. नाव ही ओळख आहे, त्याला परवानग्या आणि पूर्वीच्या नोंदी जोडलेल्या आहेत, आणि एकाचे बदलले तर उद्या सगळे म्हणतील आमचेही बदला. सगळे म्हणजे कोण, असे मी विचारले. दादांनी हैदराबादच्या दिशेने हात केला. मग गेटवर एक अपवाद ठेवा, फक्त वाचनाच्या सेवेसाठी, असे मी म्हटले. दादांचा आवाज खाली आला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी कोणालाही पासाशिवाय गेटमधून सोडलेले नव्हते. एकदा तर स्वतः जनरल मॅनेजर पास विसरले होते, तरी दादांनी त्यांना उभे ठेवले होते. ही गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. दर वेळी जनरल मॅनेजर जरा जास्त वेळ उभे असतात. आता सासूबाईंसाठी नियम वाकवला, असे लोकांनी म्हणायला नको, असे दादा म्हणाले.

वहिनी हे सगळे ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, की त्यांच्या आईचा जनरल मॅनेजर करू नये.

त्यानंतर आठवडा असाच गेला. दादांनी सुनेला फोन करून विचारले, की ती दुपारी शाळेतून पाच मिनिटे येऊन लॉगिन करून देऊ शकेल का. ती म्हणाली, जीजाजी, प्रिन्सिपल मॅडमना काय कारण सांगू. 

मग एका दुपारी दादांच्या फोनवर धोक्याची घंटा वाजली. कोणी वारंवार चुकीचे नाव देऊन आत येऊ पाहत असेल तर गेट त्या पत्त्याला आपोआप बंदी घालते आणि दादांना कळवते. ही सोय बसवल्यापासून प्रथमच वाजली होती. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या ड्युटीवर निघण्याआधी त्यांच्याकडे जेवायला होतो. दादा पानावरून उठले. अखेर आले, असे म्हणत ते हात धुऊन जिन्याखाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते, हे मी जबाबदारीने लिहितो.

हल्ला गुरसरायहून झाला होता.

नावाच्या चौकटीत जे आले होते ते लॉगमध्ये जसेच्या तसे होते. तीन प्रयत्न. एरवी दादा लॉग मोठ्याने वाचतात, समोर कोणी असो वा नसो. या वेळी त्यांनी वाचला नाही. थोड्या वेळाने पडदा माझ्याकडे वळवला आणि ते बाजूला झाले.

पहिल्या प्रयत्नात पूर्ण उखाणा होता. पहिल्या अर्ध्यात बेतवा नदीचे पाणी, दुसऱ्या अर्ध्यात नाव. दुसऱ्या प्रयत्नात तोच उखाणा, सावकाश म्हटलेला असावा, कारण की-बोर्डने शब्द वेगवेगळे तोडले होते. तिसऱ्या प्रयत्नात पहिली ओळ नव्हती. नुसता नावाचा भाग होता आणि त्याच्यापुढे यमकाचा शब्द. मजकूर माझ्याजवळ आहे. तो इथे देत नाही.

गेटने आपले काम केले होते. चौकटीतला मजकूर यादीतल्या पाच नावांशी जुळत नव्हता. तिन्ही वेळा ठरलेला संदेश गेला होता, आणि सासूबाईंच्या सोयीसाठी तो वाचून दाखवला गेला होता: या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही.

दादा फळीसमोरच्या स्टुलावर बसून राहिले. पानातली भाकरी तशीच होती. त्यांनी विचारले, घरात त्या वेळी कोण असेल. कोणीच नसेल, असे मी म्हणालो. संध्याकाळी सुनेने फोनवर सांगितलेल्या एका गोष्टीने याला दुजोरा मिळाला. ती शाळेतून आली तेव्हा माजघराचे दार आतून लावलेले होते. असे त्या घरात कधी होत नाही. तिने कडी वाजवली, अम्मांनी उघडली, आणि चहा टाक म्हणाल्या.

वहिनी बँकेतून आल्या. दादांनी त्यांना पाणी आणून दिले. ही घटना दुर्मीळ असल्याने वहिनींनी विचारले, काय झालं.

"आईंनी आज लॉगिन करून बघितलं."

"काय बोलली ती?"

"नाव."

"नुसतं?"

"नाही," दादा म्हणाले.

वहिनींनी पर्स खुर्चीवर ठेवली.  दादांनी लॉग दाखवू का म्हटले, त्यांनी मानेने नको म्हटले आणि त्या कपडे बदलायला आत गेल्या. मी ड्युटीवर गेलो. त्या संध्याकाळी डेस्कवर मोठी बातमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादांनी बंदी उठवली आणि अपवादाचे काम हाती घेतले. गेटच्या फाइलमध्ये त्यासाठी मोजक्या ओळी लागतात. दादांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. गुरसरायच्या टॅबलेटमध्ये एक प्रमाणपत्र बसवायचे. ते गेटला दिसले की वाचनाच्या सेवेपुरते नाव विचारायचे नाही, अंगठा नाही, तासाभराची मुदत नाही. लिहून झाल्यावर या फटीतून कोणी फोटोंपर्यंत पोहोचेल का, कागदपत्रांपर्यंत पोहोचेल का, हे त्यांनी स्वतःच चोर होऊन तपासले. पाककृतींपर्यंतही कोणी पोहोचत नव्हते. त्यानंतर त्यांनी नियमावलीत एक ओळ घातली. कलमाला क्रमांक दिला, कारण दिले नाही. अशा त्रोटक नोंदींबद्दल नोकरीत असताना ते इतरांकडून खुलासा मागवत.

रविवारी दादा आणि वहिनी दोघेही गुरसरायला गेले. मीही गेलो, साटोऱ्या पुन्हा होणार होत्या. दादांनी टॅबलेट मांडीवर घेऊन प्रमाणपत्र बसवले. सासूबाई शेजारी बसून होत्या. 

"आता काय बोलायचं?" त्यांनी विचारले.

"काही नाही, आई. टिकली सरकवून ठेवलीय, तिथे दाबायचं. वाचन सुरू होईल."

"आणि मीच आहे ते त्याला कसं कळणार?"

दादांनी प्रमाणपत्राची कल्पना सांगितली. टॅबलेटची ओळख पटते, माणसाची विचारावी लागत नाही. सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतले.

"म्हणजे टॅबलेटला ओळखतात, मला नाही," त्या म्हणाल्या. "बरंय. त्याचं लग्न झालेलं नाही."

सून दारात उभी होती. तिला मराठी बोलता येत नाही, पण आधी तीच हसली. वहिनी हसल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत. दादांनी टॅबलेटची चार्जिंगची वायर तपासली.

जाण्याआधी दादांनी सासूबाईंना विचारले, की मधली वाचने बरीच साठली आहेत, ती पुसून ताज्यापासून सुरू करू का. त्या म्हणाल्या, गोष्ट मधूनच कशी ऐकायची.

सोमवारी दुपारी वहिनी बँकेत होत्या. त्या दिवशीच्या लॉगमध्ये गुरसरायच्या पत्त्यावरून आलेली एक विनंती आहे. सेवा: वाचन. मागितलेले: दसऱ्यानंतरच्या सोमवारचे रेकॉर्डिंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गेटचे उत्तर: दोनशे, म्हणजे दिले. नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे.